नववीनंतर ही मुलं जातात कुठे? आपल्या भागातली वाढती अल्पवयीन गुन्हेगारी

सांजदिवा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या भागात रात्री साडेअकराच्या सुमारास एका मुलावर कोयत्याने वार झाले. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. पकडलेल्या पाच जणांपैकी चौघं अठराच्या आतले आहेत, आणि त्यातल्या एकाला मी चांगली ओळखते.

मी संध्याकाळी घराच्या गच्चीवर मागच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते. तो सहावीत असताना यायला लागला. अपूर्णांकांची त्याला धास्ती होती. एके दिवशी छेद समान करणं डोक्यात शिरलं, तर साडेआठपर्यंत बसून धड्यातली सगळी उदाहरणं सोडवूनच उठला. धाकट्या बहिणीला बरोबर आणायचा आणि आधी तिच्या पेन्सिलीला टोक करून मग स्वतःची वही उघडायचा. आठवीत येणं विरळ झालं, नववीत बंद. मी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला नाही. हे आता रोज रात्री आठवतं.

त्या घटनेनंतर सोसायटीची बैठक झाली. तिथे तीनच कारणं पुन्हा पुन्हा ऐकली: आईबापांचं लक्ष नाही, मोबाईलने वाटोळं केलं, कायदा मऊ आहे. प्रत्येकात काही तथ्य असेल. पण मी त्या मुलाला समोर ठेवून बघते तेव्हा एकही कारण नीट बसत नाही. त्याची आई दिवसभर राबून रात्री घरी आली की आधी मुलांच्या वह्या बघायची. नववीपर्यंत त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. आणि कायदा काय आहे हे त्याला तेव्हा तरी ठाऊक असेल असं वाटत नाही.

मग आठवी ते अकरावीच्या त्या दोन-तीन वर्षांत नेमकं काय होतं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. शिक्षक, वकील, पोलीस, आईवडील, आणि कोणी स्वतः त्या वाटेवरून परत आलं असेल तर त्यांनीही. एक विनंती: जात, धर्म, बाहेरून आलेले लोक यांवर चर्चा नेऊ नका. मला त्या चार मुलांबद्दल समजून घ्यायचं आहे.

रोखठोक

ताई, तुमची तळमळ कळते. पण ज्याची बोटं गेली त्याच्या घरात आज काय चाललं असेल, हेही कोणीतरी लिहायला हवं.

माझ्या भाच्याच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक घातला होता. कारण? फोन द्यायला नकार दिला. अकरा टाके पडले. मारणारा सतरा वर्षांचा. काही आठवड्यांत तो जामिनावर बाहेर आला आणि त्याच कोपऱ्यावर उभा राहायला लागला. भाच्याने क्लासची वेळ बदलली, यायची-जायची वाट बदलली, शेवटी क्लासच सोडला. शिक्षा नक्की कोणाला झाली?

माझं मत स्पष्ट आहे. सोळाच्या वरच्याला आपण काय करतोय ते कळतं. त्याच्यावर सरळ मोठ्यांसारखा खटला चालवा. चार जण आत गेले की चाळीस जण सुधारतील.

मेघदूत२

रोखठोक यांच्या भावनेशी सहमत. मोबाईलचा मुद्दा मात्र इतका सहज बाजूला सारू नका.

मी मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. पंधरा-सोळा वर्षांची पोरं फोन घेऊन येतात तेव्हा वॉलपेपरवर काय असतं ते दिसतं. कोण्या भाईचा तुरुंगातून सुटल्याचा व्हिडिओ, मागे गाड्यांची रांग, वर दणकेबाज गाणं. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापतानाचं स्टेटस. या मुलांना शाळेत कधी कोणी व्यासपीठावर बोलावलेलं नसतं. रीलला मात्र रात्रीत हजार लाइक येतात. दुसऱ्या टोळीतला कोणी त्याच रीलखाली काहीतरी वाकडं लिहितो आणि भांडण तिथून रस्त्यावर येतं. पूर्वी दोन गल्ल्यांतलं भांडण दोन दिवसांत विरायचं. आता ते सगळ्यांच्या फोनवर पडून राहतं, मग कोणालाच माघार घेता येत नाही.

न्यायपथ

मी बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं चालतात तिथे, नियमित उभी राहणारी वकील आहे. आधी काही गोष्टी स्पष्ट करते.

पहिली गोष्ट, वाढीबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार अल्पवयीन आरोपी असलेले देशभरात २०१६ मध्ये ३५,८४९ गुन्हे नोंदले गेले होते, २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५. देशाचा एकूण आकडा त्या काळात घटलाय. म्हणून तुमच्या भागात काही वाढलेलं नाही असं मी म्हणत नाही. महाराष्ट्र या यादीत सतत वरच्या राज्यांमध्ये असतो, आणि एखाद्या भागात एक टोळी उभी राहिली की तिथलं चित्र दोन वर्षांत पालटतं. पण 'आजची पिढीच बिघडली' हे निदान या आकड्यांतून निघत नाही. कारण शोधायचं तर त्या भागातच शोधावं लागेल.

दुसरी गोष्ट, कायद्याबद्दल. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा १६ होती. २००० मध्ये ती १८ झाली. सध्याचा २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. त्यामुळे रोखठोकजी, तुम्ही मागता ती तरतूद गंभीर टोकाच्या गुन्ह्यांसाठी २०१६ पासूनच आहे.

जामिनाचंही तसंच. अल्पवयीनाला जामीन हा नियम आहे, पण सुटून तो सराईत गुन्हेगारांच्याच संगतीत जाणार असेल तर मंडळ नाकारू शकतं. सोडलं तरी परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं. तुमच्या भाच्याच्या वेळी 'तो त्याच कोपऱ्यावर उभा राहतोय' हे मंडळापुढे कोणी मांडलं होतं का? जखमीच्या घरच्यांना तिथे कोणी विचारतच नाही, ही आमच्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडिताला भरपाईसाठी अर्ज करता येतो, हेही बहुतेकांना कोणी सांगत नाही.

रोखठोक

नाही, कोणी सांगितलं नाही. ना भरपाईचं, ना मंडळाचं. बहिणीला पोलीस ठाण्यात एवढंच ऐकवलं, 'लहान आहे तो, काही होणार नाही.' हेच वाक्य त्या मुलालाही कोणीतरी ऐकवलेलं असणार. धन्यवाद, बहिणीला सांगतो.

खडूफळा

सांजदिवा ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस गप्प होतो. मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. आता जे लिहितोय त्यात माझा स्वतःचा हात आहे, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत ते संरक्षण संपतं. आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी शाळेच्या दारावर फ्लेक्स लावून मिरवायची असते. मग कच्च्या मुलांचं काय करायचं? नववीत अडवायचं. पालकांना बोलावून समजावायचं, 'याला नियमित शाळा झेपणार नाही. दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.' १७ नंबरचा फॉर्म मुळात चांगल्या हेतूने आहे, शाळा सुटलेल्याला पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून. आम्ही त्याचा मागचा दरवाजा केला. मी स्वतः अशा बैठकांना बसलोय. समोरची आई मान डोलावते, कारण सर सांगतायत म्हणजे बरोबरच असणार.

फॉर्म भरल्यावर ते मूल दिवसभर कुठे असतं? ही चौकशी करणं कोणाचंही काम नाही. हजेरीपटावर नाव नाही, त्यामुळे गैरहजरही नाही. चौदाव्या वर्षी शाळेची हमी संपते आणि अठराव्या वर्षाआधी धड नोकरी मिळत नाही. धोक्याच्या कामांवर अठरापर्यंत कायद्याने बंदी आहे, ती असायलाच हवी, पण त्यामुळे सरळमार्गी मालक सतरा वर्षांच्या मुलाला कुठलंच काम द्यायला बिचकतो. मधल्या चार वर्षांत त्याला कोण विचारतं, याचा शोध घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

न्यायपथ

खडूफळा सर, हे इतकं उघड लिहिल्याबद्दल आभार. याला जोडून एकच आकडा देते. २०२२ मध्ये देशभरात पकडल्या गेलेल्या अल्पवयीनांपैकी सुमारे ७९ टक्के १६ ते १८ या वयातले होते. तुम्ही म्हणता त्या चार वर्षांच्या आतच हा गट येतो. आणखी एक, ही मुलं बेघर, अनाथ असतात असा समज आहे. दरवर्षीच्या नोंदी पाहिल्या तर बहुतांश मुलं स्वतःच्या आईवडिलांसोबत राहणारी असतात.

माझ्याकडच्या प्रकरणांत मी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारते, 'शाळा कधी सुटली?' गुन्ह्याची तारीख साधारण त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षातली निघते. हा माझा अनुभव आहे, अभ्यास नव्हे.

कुंपणापलीकडे

+१. आमच्या गल्लीतही दहावीच्या निकालापेक्षा नववीचा निकाल लागला की जास्त पोरं कट्ट्यावर दिसायला लागतात.

पूर्वाश्रमीचा

धागाकर्त्या ताईंनी 'परत आलेल्यांनी लिहा' म्हटलंय म्हणून लिहितो. आज मी ३४ वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी चार महिने निरीक्षणगृहात होतो.

पहिल्याच दिवशी कोणी 'चोरी कर' असं म्हणत नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी नाव घेऊन हाक मारतं. शाळा सुटल्यावर आठ महिने मला कोणी नावाने हाक मारली नव्हती. घरात 'ए', बाहेर 'ए बारक्या'. दादाने कट्ट्यावर सगळ्यांसमोर पूर्ण नाव घेऊन बोलावलं, गाडीची चावी हातात ठेवली आणि म्हणाला, पेट्रोल टाकून आण. बस, एवढंच. माझ्यावर कोणीतरी गाडी सोपवली होती. त्या रात्री झोप लागली नाही मला.

पुढे कामं वाढत गेली. पिशवी दोन दिवस घरी ठेव, आत काय आहे बघू नको. अमक्याच्या दारासमोर उभा राहा, काही बोलायचं नाही, फक्त उभा राहा. मग एक दिवस वय विचारलं. सोळा म्हटल्यावर खूश झाला. म्हणाला, तू तर सोनं आहेस, तुला काही होत नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. अर्थ असा की त्याचं नाव कुठेच येणार नव्हतं. जे करायचं ते माझ्या हातून होणार होतं.

मला पकडलं त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. जामिनासाठी आईने मंगळसूत्र मोडलं.

आत काय झालं तेही सांगतो, कारण रोखठोक दादांना वाटतं की आत टाकलं की सुधारतात. बाहेर मी पाच जणांना ओळखत होतो. आत गेल्यावर पन्नास जणांची ओळख झाली. कुलूप कसं उघडायचं, माल कोण घेतं, हे मला आत कळलं. अधीक्षक सर चांगले होते, रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे. त्यांच्यामुळे माझं वाचन टिकलं. पण ते एकटे आणि आम्ही इतके.

सुटल्यावर तोच दादा पुन्हा आला. म्हणाला, आता तू पक्का झालास. त्या वेळी गॅरेजवाल्या एका मिस्त्रींनी मला ठेवून घेतलं नसतं तर आज मी हे लिहीत नसतो. त्यांनी मागचं काही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी पान्यांचा डबा दिला आणि म्हणाले, रात्री मोजून परत दे, एकही कमी व्हायला नको. मी रोज मोजायचो. एकही कमी झाला नाही.

सांजदिवा

पूर्वाश्रमीचा दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'आठ महिने नावाने हाक मारली नव्हती' या वाक्याशी थांबले. मी ज्याला दोनच निरोप पाठवले, त्याच्याकडे तिसरा निरोप घेऊन कोण गेलं असेल ते आता कळतंय.

रोखठोक

पूर्वाश्रमीचा, तुमच्याबद्दल मनात राग नाही. पण मग त्या दादाचं काय? तुम्ही चार महिने आत, माझा भाचा घरात कोंडलेला, आणि तो मोकळा. माझा राग बहुधा चुकीच्या माणसावर निघत होता असं वाटायला लागलंय. न्यायपथ ताई, याला कायद्यात काही आहे का?

न्यायपथ

आहे, आणि कडक आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढ व्यक्तीला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. कलम ७८ प्रमाणे मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकवणं, वाहून नेववणं यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि प्रत्यक्ष गुन्हा घडला तर तो त्याने स्वतःच केला असं समजून त्या गुन्ह्याची शिक्षाही होते.

आता खरी अडचण. ही कलमं माझ्यासमोरच्या कागदपत्रांत मला फार क्वचित दिसतात. तपास मुलापाशी थांबतो, कारण मूल सापडलेलं असतं आणि कबूलही करत असतं. मागे कोण होतं हे ते सांगत नाही, ज्याच्यापासून धोका आहे तो बाहेर मोकळा असतो ना. नियमांप्रमाणे पोलिसांनी मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाला द्यायचा असतो. तो मनापासून लिहिला तर शाळा कधी सुटली, संगत कोणाची, नशा आहे का, कोणी वापरलं का, हे सगळं त्यात यायला हवं. अनेकदा माझ्या हातात येतो तेव्हा निम्म्या रकान्यांत 'निरंक' असतं.

तुमच्या भागातल्या पाचपैकी चौघं अल्पवयीन आणि एक प्रौढ, असं ताईंनी लिहिलंय. तो पाचवा कोण आहे? माझी नजर तिथे जाते.

रानजाई

नशेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी आरोग्य सेविका आहे, गेली बारा वर्षं घरोघरी फिरते. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, आणि थोडी मोठी मुलं असली की बटण, म्हणजे झोपेच्या गोळ्या. सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगलं की भूक मरते आणि भीतीही मरते. पहिल्यांदा वार करायला जाताना भीती मारून जावं लागतं, आणि ती मारायची सोय कोणीतरी मोठा माणूसच करून देतो. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणं हाही बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, कलम ७७.

आई सांगते, 'हल्ली तो जेवत नाही, डोळे लाल असतात, अभ्यासाने जागतो.' मी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकताच मी मुलाच्या कपड्यांचा वास घ्यायला सांगते.

आकडेमोड

मी मानसशास्त्र शिकवतो. पूर्वाश्रमीचा यांनी स्वतःच्या आयुष्यातून जे सांगितलं, त्यावर जगभरात भरपूर काम झालंय, त्यातलं तीन-चार गोष्टींपुरतं लिहितो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या अठराव्या वर्षापर्यंतच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे फक्त ६ टक्के मुलांच्या नावावर निघाले. बाकी बरेच जण एकदा पकडले गेले आणि पुन्हा कधी नोंदीत आले नाहीत. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये याची मांडणी केली: लहानपणापासून अडचणीत असलेली मोजकी मुलं वेगळी, आणि फक्त किशोरवयात वाहवत जाऊन पुढे आपोआप सावरणारी बहुसंख्य मुलं वेगळी. दुसऱ्या गटातल्या मुलाला आपण पहिल्या गटातलं समजून वागवलं, तर त्याच्या सावरण्याच्या वाटा आपणच बंद करतो.

संगतीबद्दल. २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र शेजारी असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकटं असतानाच्या तुलनेत कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर मित्रांच्या असण्याचा असा परिणाम दिसला नाही. सोळा वर्षांच्या मुलाला बरं-वाईट कळतं, रोखठोक यांचं ते म्हणणं खरंच आहे. चार जण बघत असताना त्याला थांबता येत नाही, हेही तितकंच खरं आहे.

भीती घालून सुधारण्याबद्दल. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात वाट चुकलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा उपक्रम फार गाजला. पुढे अशा उपक्रमांची काटेकोर तपासणी झाली तेव्हा त्यातून गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं आढळलं. आपल्याकडे 'पोरांना एकदा जेल दाखवून आणा' असं हौसेने सुचवलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

चांगल्या हेतूनेही नुकसान होतं. बोस्टनजवळ १९३९ मध्ये मुलग्यांवर एक मोठा प्रकल्प सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं दिली, निम्म्यांना काही नाही. प्रकल्प संपल्यावर तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यातल्या ५०६ जणांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत उलट वाईट निघाली. त्यावरचं एक स्पष्टीकरण असं की शिबिरांमध्ये बंड करणारी मुलं एकत्र आली आणि एकमेकांच्या फुशारक्यांवर वाढली. तेव्हा उद्या कोणी 'या सगळ्या पोरांना एकत्र करून वर्ग चालवू' म्हणालं तर आधी थांबून विचार करा. अशा मुलाला सरळ चालणाऱ्या मुलांमध्ये मिसळू द्यावं, आणि मिस्त्रींसारखं एक माणूस त्याच्या मागे असावं.

मेघदूत२

आकडेमोड सर, प्रयोगात मित्र शेजारी बसले होते. रीलमुळे आता ते चोवीस तास शेजारी असतात. माझा मुद्दा या चर्चेत आता कुठे बसतो ते कळलं. मोबाईलने मुलं बिघडतात असं मी म्हणायचो. खरं तर त्यांना बघणारे डोळे मोबाईल सतत पुरवतो.

निनावी_आई

मी इथे कधी लिहिलं नाही. माझ्या पुतणीने हा धागा दाखवला. तिच्याकडून टाइप करून घेतेय.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. फोन हिसकावल्याच्या प्रकरणात त्याचं नाव आहे. रात्री एक वाजता दार वाजलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आधी मला काही दिसलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. दिवाळीच्या आधी तो नवे बूट घालून आला. मी विचारलं, कुठून आणले? म्हणाला, मित्राचे आहेत. खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्या महिन्यात त्याच्या बापाचं काम सुटलं होतं, घरात दोघांची भांडणं चालू होती, आणि मुलगा तेवढ्यात एकटाच हसत होता. मी पुढे विचारलं नाही. उत्तर ऐकायचं त्राण नव्हतं.

आता तो घरी आहे. बाहेर जात नाही. शाळा म्हणते, आम्ही घेणार नाही. माझा मुलगा आयुष्यभर गुन्हेगार म्हणूनच ओळखला जाणार का, एवढंच मला विचारायचं आहे.

न्यायपथ

ताई, नाही. नीट ऐका. बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की या कायद्याखाली प्रकरण हाताळलं गेलेल्या मुलाला त्या कारणाने पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती नोंद नष्ट करायची असते. प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्यांचा अपवाद आहे, तुम्ही सांगता त्या प्रकरणावरून तुमचा मुलगा त्यात येईल असं मला वाटत नाही. त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला किंवा पसरवायला कलम ७४ ने मनाई आहे. गल्लीतल्या व्हॉट्सॲप गटावर कोणी फोटो फिरवत असेल तर तेही यात येतं. शाळेचा नकार लेखी मागा आणि तो मंडळासमोर ठेवा. मंडळ सुधारणेसाठी शिक्षण चालू ठेवण्याचे आदेश देऊ शकतं.

खडूफळा

ताई, तुमचा मुलगा कितवीपर्यंत शिकला? आठवी पास असेल तर आयटीआयचे काही ट्रेड त्यावरही मिळतात. दहावीला बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहेच, या वेळी तो योग्य कारणासाठी भरू. फॉर्म भरून सोडून द्यायचं नाही, वर्षभर मी स्वतः त्याचं भाषा आणि सामाजिक शास्त्रं बघेन. निवृत्त झालोय, वेळ आहे. माझ्या हातून जी मुलं गेली त्यांची मोजदाद मी कधी केली नाही.

निनावी_आई

नववी नापास. गणितात.

सांजदिवा

ताई, गणित माझ्याकडे. त्याला माझ्या नेहमीच्या वर्गातच बसू दे, आकडेमोड सरांनी लिहिलंय तसं, इतर मुलांमध्ये. कोणाला काही सांगायची गरज नाही. आपण एकाच शहरात असलो तर निरोप करा. नसलो तर फोनवरून शिकवीन.

आणि ज्याच्यामुळे हा धागा काढला, त्याच्या आईला काल भेटले. पोलिसांनी अहवालासाठी घरी येऊन दहा मिनिटं विचारपूस केली, असं त्या म्हणाल्या. शाळा का सुटली हे कोणी विचारलं नव्हतं. न्यायपथ ताईंनी सांगितल्यावरून परिविक्षा अधिकाऱ्यांची वेळ मागितली आहे. तो तीन वर्षं माझ्याकडे येत होता हे मी लेखी देणार आहे, आणि तो येईनासा झाल्यावर कट्ट्यावर त्याला कोणाच्या गाडीवर बघितलं तेही. पाचवा कोण, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

रोखठोक

ताई, ते लेखी देताना एकट्या जाऊ नका. वेळ कळवा. जखमी झालेल्या मुलाच्या घरच्यांनाही कोणी भेटलंय का? नसेल तर भरपाईच्या अर्जासाठी मी त्यांच्याबरोबर जाईन. आमच्या वेळी कोणी आलं नव्हतं.

पूर्वाश्रमीचा

निनावी ताई, शाळेबरोबर हाताला कामही लागेल त्याला. दुपारची रिकामी वेळ फार वाईट असते. माझं आता स्वतःचं छोटं गॅरेज आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत कामावर ठेवायला मीही बिचकतो, कायदा मलाही पाळायचाय, पण शिकायला बसू शकतो. धागाकर्त्या ताईंकडे माझा नंबर देऊन ठेवतो.

निनावी_आई

उद्या अकरा वाजता मंडळात तारीख आहे. शाळेचा दाखला मूळ लागतो का झेरॉक्स चालते?

न्यायपथ

मूळ सोबत ठेवा, झेरॉक्सच्या दोन प्रती द्या. जन्माचा दाखला असेल तर तोही. आणि मुलाला सांगा, मंडळ विचारेल तेव्हा स्वतः बोल. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, ते त्याच्याशी थेट बोलतील. साडेदहाला पोहोचा.